फुलं कोण उचलणार

रिटायर झाल्यावर मी काय करणार, याची काळजी माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्याला जास्त होती. तीस वर्षं मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. आवाज चढा, सवय हुकूम सोडायची. आता हा आवाज दिवसभर घरात घुमणार, या विचारानंच तो बिचारा खचला होता. म्हणून भोपाळहून फोन आला तेव्हा मी "विचार करून सांगते" म्हणेपर्यंत मागून त्याचा आवाज आला, "हो म्हण गं, हो म्हण!"

काम असं होतं. राज्याचं जैव-अर्थव्यवस्था धोरण तयार व्हायचं होतं, ते पुढे देशाच्या धोरणाला जोडलं जाणार होतं, आणि त्यासाठी वरून सरकारी निधी आला होता. प्रत्येक भागाचं वेगळं प्रकरण लिहायचं. उज्जैनचं मी लिहावं, असं कुणीतरी सुचवलं होतं.

रविवारी पोहे-जिलबी खाता खाता नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे असतं तरी काय हे?"

मी सांगितलं, "जे उगवतं आणि कुजतं ते सगळं. शेतातलं सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, मंडीतला पाला, देवळातली फुलं. त्यातून खत, रंग, इंधन, काय काय करायचं आणि त्यावर माणसांची पोटं चालवायची."

"मग कारखाना काढायला पैसे आलेत?"

"नाही. आधी ठरवायला आलेत. काय करायचं, कसं करायचं, कुणी करायचं."

"विचार करायचे पैसे देतं सरकार?" त्याला ठसका लागला. "आणि मी बँकेत छत्तीस वर्षं फुकट विचार करत बसलो!"

त्याला पाणी दिलं आणि दोन शब्दही सुनावले. पण त्याचं म्हणणं पुष्कळांचं असतं. कारखान्याला पैसे दिले तर दिसतात, रस्त्याला दिले तर दिसतात. धोरण लिहायला दिले की लोक म्हणतात, गेले पाण्यात. मी त्यांना उलट विचारते, फुकटात लिहिलेलं धोरण कसं असतं पाहिलंय का? चार जण एसीत बसतात, जुना कागद काढतात, वरची तारीख बदलतात. गावोगाव हिंडून विचारायचं तर गाडी लागते, दिवस लागतात, माणसं लागतात. ते पैसे विचारण्याचे असतात. हे मी तेव्हाही छातीठोकपणे सांगत होते. पुढे त्याच पैशांनी मी काय दिवे लावले, ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय.

माधव नगरात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास. आमचे प्रमुख माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सज्जन, आणि तारखांना फार भिणारे. भोपाळहून कागद आला की त्यांचा चेहरा उतरायचा. पण एक होतं, त्यांनी मला मोकळं सोडलं. "मॅडम, तुम्ही हिंडा," म्हणाले. आणि मी हिंडले. डेअऱ्या पाहिल्या, सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांशी भांडले, मंडीत जाऊन सडक्या भाजीचे ढीग बघितले. आयुष्यभर पानाफुलांची लॅटिन नावं पाठ करून घेतली, पण झाडावरून उतरल्यावर त्या फुलाचं काय होतं, हे मला या वयात कळायला लागलं होतं. सांगते ना, मला इतकी मजा शिकवतानाही आली नव्हती.

आता उज्जैन म्हटलं की फुलं आलीच. इथे देवळांना तोटा नाही आणि येणाऱ्यांना अंत नाही. रोज हारांचे ढीगच्या ढीग उतरतात. ती फुलं पूर्वी सरळ क्षिप्रेत जायची. राम घाटावर एका गुरुजींना मी विचारलं, आता कुठे जातात? ते म्हणाले, "गाडी आती है, बाइयाँ ले जाती हैं." कुठल्या बायका? त्यांनी हात लांब केला आणि पलीकडे, रस्त्याच्या कडेला असलेली पत्र्याची एक शेड दाखवली.

शेडमध्ये अकरा बायका जमिनीवर बसून फुलं निवडत होत्या. मी आपली मास्तरणीच्या थाटात आत शिरले, हातात वही. दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच एक बारकी, काटक बाई ओरडली, "चप्पल! मॅडम, चप्पल बाहर!"

मी दचकून मागे सरले. तिनं समजावलं, तेही रागानंच. हे देवाच्या अंगावरून उतरलंय, याला पाय लागू द्यायचा नाही. इथे गाडीवालासुद्धा चपला काढून आत येतो. मला इतकी लाज वाटली! माझ्याच घरात निर्माल्य ओलांडलं तर सासूबाई दिवसभर बोलायच्या, आणि मी इथे सरकारी कामाची म्हणून सँडल घालून चालत सुटले होते.

त्या बाईला सगळ्या जीजी म्हणायच्या. माळव्यात मोठ्या बाईला असंच म्हणतात. पन्नाशीची असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. या कामाआधी ती पाच घरची भांडी घासायची. मी विचारलं, कुठलं काम बरं? ती हसली.

"वहाँ सिर पे बाईसाब खड़ी रहती थी. यहाँ सिर पे बस टीन है."

त्यांचं निवडणं बघण्यासारखं होतं. हार उचलायचा, एका झटक्यात दोरा ओढायचा, दोरा डावीकडे. टाचणी डब्यात. चमकी आणि प्लास्टिकची पन्नी मागच्या पोत्यात. झेंडू एकीकडे, गुलाब दुसरीकडे, बेल तिसरीकडे. बेलाचं खत व्हायचं, झेंडू वाळवून रंग, गुलाबाच्या पाकळ्या कांडून अगरबत्तीला. तोंडानं गप्पा चाललेल्या, नजर भलतीकडे, आणि हात आपले चालूच. मी एक हार घेऊन बसले तर पहिल्याच फटक्यात टाचणी बोटात घुसली. सगळ्या खदाखदा हसल्या. जीजी म्हणाली, "पढ़ाती क्या थीं आप?" मी म्हटलं, "फूल." मग तर त्यांचं हसू आवरेना.

त्यानंतर मी तिथे वरचेवर जायला लागले. कामासाठी म्हणायचं, पण खरं सांगायचं तर मला आवडायचं. जीजी मला रोज काहीतरी शिकवायची. ओला झेंडू दाबून ठेवला तर रात्रीत काळा पडतो, बेलात एक प्लास्टिकचं पान मिसळलं तरी अख्खं खत फुकट जातं, असलं. मी सगळं वहीत लिहून घेत होते. तीस वर्षांत मुली माझं बोलणं लिहून घ्यायच्या, आता मी घेत होते.

प्रकरण लिहायला बसले तेव्हा मी त्या फुलांवर पाच पानं लिहिली, अगदी जीव ओतून. आमच्या घराण्यात लिहिण्याचा गर्व पिढीजात. दरबाराच्या दफ्तरात कारकुनी करायला आमचे लोक इकडे आले आणि इथलेच झाले. घरात काही का नसेना, मसुदा कसा करावा ते प्रत्येकाला येतं. माझंही तसंच. लिहिताना दोनदा चहा गार झाला.

पण शेवटी एक तक्ता होता. भोपाळहून ठराविक नमुना आलेला, त्यात प्रत्येक विषयाखाली 'संकलन व्यवस्था' म्हणून एक रकाना. म्हणजे माल कुणी उचलायचा, कसा उचलायचा. तो माझा रिकामा राहिला होता. दुपारचे चार वाजलेले, पाचला कागद पाठवायचा, प्रमुख दारात उभे, घामाघूम. नमुन्यासोबत दुसऱ्या कुठल्याशा भागाचं तयार प्रकरण आलं होतं. त्यातला तो परिच्छेद मी उचलला, 'कचरा' काढून 'निर्माल्य' घातलं आणि कागद देऊन मोकळी झाले. वाचलासुद्धा नाही नीट. ज्या बाईनं परीक्षेत नक्कल केली म्हणून किती मुलींचे पेपर फाडले असतील, त्या बाईनं!

आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. आम्ही सगळ्यांनी समोसे खाल्ले.

मसुदा महिन्याभरानं लोकांच्या सूचनांसाठी जाहीर झाला. छापून आलेलं प्रकरण मी नवऱ्याला दाखवलं. त्यानं फुलांची पाच पानं वाचली आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता म्हणाला, "छान लिहिलंयस." मी आठवडाभर हवेत होते.

मग एक दिवस सकाळी सहाला मी दुधासाठी फाटक उघडलं, तर समोरच्या बंगल्यातून जीजी बाहेर येत होती. ओले हात पदराला पुसत. मला वाटलं काही निरोप असेल. मी हाक मारली, "अरे, जीजी! यहाँ कैसे?"

ती थांबली. "बर्तन पकड़े हैं," म्हणाली.

"आणि फुलं?"

"फूल तो आठ बजे आते हैं. जब तक आते हैं तब तक जाएँगे." मग पदर खोचत म्हणाली, "सरकार का कागज निकला है. अब फूल कंपनी उठाएगी. गाड़ीवाले ने पढ़के सुनाया. तो हमने सोचा, एक घर तो पकड़ ही लें."

मी म्हटलं, छे, भलतंच काय! तो कागद मीच लिहिलाय, त्यात तुमचंच कौतुक आहे. गाडीवाल्याला काही कळत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "आपने लिखा है ना? तो ठीक है फिर," म्हणाली आणि गेली. पण चालीवरून वाटलं नाही की तिला ठीक वाटलं.

मी तशीच आत आले, दूध विसरून, आणि मसुदा काढला. पाच पानं ओलांडली. तक्ता आला. मूळ हिंदीत होतं, पण अर्थ असा: निर्माल्याचे संकलन एकाच सक्षम संस्थेकडे निविदेद्वारे सोपवावे, संस्थेकडे स्वतःची यंत्रसामग्री व मागील तीन वर्षांच्या उलाढालीचा पुरावा असावा.

अकरा बायका, एक पत्र्याची शेड, डबाभर टाचण्या. कुठली यंत्रं आणि कुठली उलाढाल! पाच पानं त्यांची स्तुती करून सहाव्या पानावर मी त्यांना दारही दाखवलं होतं. आणि धोरण असं छापलं गेलं की पुढे ठेका काढणारा माणूस स्तुती वाचत नाही, तक्ता वाचतो.

मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले आणि रडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं माझं ब्लडप्रेशर. त्याला वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला, "लिहिलंयस तू, तर खोडशीलही तूच."

खोडणं इतकं सोपं असतं तर! प्रमुख म्हणाले, मॅडम, मसुदा जाहीर झालाय, आता आपण परस्पर हात लावू शकत नाही. बदल फक्त सूचनांमधून होतो. पुढच्या आठवड्यात जाहीर बैठक आहे, तिथे कुणी सूचना दिली तर बघू.

"मग मी देते."

"आपण लिहिणारे आहोत. आपणच आपल्याविरुद्ध सूचना कशी देणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एखाद्या त्रयस्थाकडून आणवू. नाहीतर टायपिंगमध्ये चुकून आलं म्हणू. तुमचं नाव कशाला यायला हवं?"

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. खूप झाला. शहरात निम्म्या घरांत माझी एखादी विद्यार्थिनी आहे. त्यांच्यापुढे उभं राहून 'मी नक्कल केली' म्हणायचं, या वयात? दोन दिवस मी स्वतःला समजावत होते की त्रयस्थ सापडेल. पण फुलांबद्दल सूचना द्यायला कोण येणार होतं? ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना तो कागद गाडीवाल्यानं वाचून दाखवला होता.

बैठकीला मी त्या अकराजणींना रिक्षांनी आणवलं. आमच्या निधीत लोकांना आणण्याची सोय होती, ती एरवी बड्या मंडळींच्या गाड्यांवर जायची. या वेळी मी हट्टानं बायकांसाठी वापरायला लावली. देवास गेटजवळचा हॉल. मागे मोठा बॅनर, मंचावर भोपाळहून आलेल्या वरिष्ठ अधिकारी बाई आणि आणखी चार खुर्च्या. आल्या आल्या स्वागत सुरू झालं. प्रत्येकाला हार, प्रत्येकाला गुच्छ, पन्नीत गुंडाळलेला. फुलांच्या धोरणाची बैठक आणि फुलांची अशी लूट! हार गळ्यातून निघून टेबलावर पडले, टेबल भरलं तसे मंचाच्या कडेला खाली ठेवले गेले. बायकांना जागा मिळाली होती ती तिथेच, मंचाच्या बाजूच्या सतरंजीवर, कारण खुर्च्या संपल्या होत्या.

आमच्याकडच्या बैठकांची एक रीत आहे. आत कुणी बोलत नाही. सूचना असेल तर सांगा म्हटलं की सगळे छताकडे बघतात, आणि संपल्यावर फाटकाशी चहा घेताना तासभर बोलतात, अगदी मुद्देसूद. त्या दिवशीही तसंच. बोलला तो एकच, कुठल्याशा यंत्राच्या कंपनीचा तरुण. पडद्यावर चित्रं दाखवली. या तोंडातून फुलं घाला, त्या तोंडातून खत घ्या. हात लावायची गरजच नाही. छान बोलत होता पोरगा, त्याची काही चूक नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठायचं म्हणत होते आणि वहीची पानं चाळत होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मंचावरच्या बाई पडद्याकडे बघतच नाहीयेत. त्या खाली, बाजूला बघत होत्या.

सतरंजीवर बायकांनी हार ओढून घेतले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायचंही नव्हतं. त्यांच्या हातांना समोर फुलं पडलेली बघवत नाहीत, एवढंच. कान भाषणाकडे, आणि हात चालू. दोरा डावीकडे, टाचणी जीजीच्या पदरात, पन्नी मागे. चपला केव्हाच काढून भिंतीशी ठेवलेल्या. पडद्यावरचं शेवटचं चित्र संपेपर्यंत मंचाचं सगळं स्वागत त्यांनी निवडून टाकलं होतं. झेंडूचा ढीग, गुलाबाचा ढीग, आणि शेजारी तारा, टाचण्या, चमक्या, थर्माकोलचे तुकडे आणि पन्नीचा एक भलामोठा चेंडू.

बाईंनी त्या तरुणाला शांतपणे विचारलं, "हे दोरे आणि पिना तुमचं मशीन वेगळं करतं का?"

तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "नाही मॅडम. मशीनला निवडलेला माल लागतो."

"मग निवडणार कोण?"

तो प्रमुखांकडे बघायला लागला. प्रमुख घड्याळाकडे. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी उभी राहिले.

"उज्जैनचं प्रकरण मी लिहिलंय," मी म्हटलं. "त्यातला फुलं उचलण्याचा परिच्छेद माझा नाही. तो मी दुसऱ्या भागाच्या कागदावरून उतरवला. वेळ नव्हता म्हणून. टायपिंगची चूक नाही ती, माझी चूक आहे. महिनोन् महिने मी या बायकांबरोबर बसले, आणि हा एक प्रश्न यांना विचारायचा सोडून दुसऱ्याचं उत्तर छापलं. तो परिच्छेद काढावा, अशी माझी सूचना आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. दुसऱ्या रांगेत माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती, तिनं मान खाली घातली. माझ्यासाठी लाजली बिचारी. मी मात्र जीजीकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मंचावरच्या बाईंनी तिलाच विचारलं, "आपको कुछ कहना है?"

जीजी उठली. पदरातल्या टाचण्या सांडू नयेत म्हणून पदर मुठीत धरून. म्हणाली, "हमको मशीन से बैर नहीं है. आए. पर हमारे पीछे आए, हमारी जगह नहीं."

आणि खाली बसली. टाळ्या नाही वाजल्या. पण बाईंनी ते लिहून घेतलं. मी बघितलं ना, शब्दन् शब्द लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी जीजीजवळ गेले. ती रिक्षात चढत होती. "आप तो बोली थीं, कागज में हमारी तारीफ है," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

बैठकीत चांगलं बोलणं झालं म्हणजे काम झालं, असं नसतं. परिच्छेद काढला, पण त्या जागी काय घालायचं ते ठरायचं होतं, आणि आमच्या ऑफिसचा निधी संपत आला होता. प्रमुखांनी, त्या तारखांना भिणाऱ्या माणसानं, भोपाळला मुदतवाढ मागितली. कारण काय लिहिलं माहीत आहे? 'संबंधित महिलांना विचारणे बाकी आहे.' मला वाटलं नव्हतं, पण मिळाली. तीन महिन्यांचे पैसे मिळाले, फक्त विचारण्याचे. मी नवऱ्याला म्हटलं, बघ. तो म्हणाला, "बघतोय. आता या वेळी विचार."

मी रोज शेडवर जायला लागले. सुरुवातीला जीजी मला जागाच द्यायची नाही. बोलायची नाही. इतरजणी तिच्याकडे बघून माझ्याशी बोलायच्या. मी दारापाशी बसायचे आणि कडेला पडलेले हार निवडायचे. बोटांना टाचण्या टोचायच्या. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी माझ्यासमोर हारांनी भरलेली एक पाटी येऊन आदळली. "ये लो. और दोरा ऐसे नहीं खींचते, टूटता है." जीव भांड्यात पडला माझा.

मग आम्ही लिहिलं. खरोखर तिथे बसून लिहिलं. मी एकेक वाक्य वाचायचे, त्या नाही म्हणायच्या. 'प्राधान्य' म्हणजे काय? पहिला नंबर. मग पहिला नंबर लिहा ना! सरकारी कागदात तसं नाही लिहीत, मी म्हणायचे. का नाही लिहीत? मग मी खोडून पुन्हा लिहायचे. शेड कुणाची, गाडी कधी येणार, पावसाळ्यात फुलं कुठे वाळवायची, टाचणी लागून हात पिकला तर दवाखाना कोण बघणार, सगळं निघालं. माझ्या पाच पानांत यातलं एकही नव्हतं. आणि हा सगळा वेळ जीजी सकाळी सहाला आमच्या समोरच्या बंगल्यात भांडी घासायला येतच होती. समोरच्या काकू तिच्यावर भारी खूश. मला फाटकावर सांगायच्या, "काय लखलखीत घासते हो! अशी बाई मिळायला नशीब लागतं." मी हो हो करून आत पळायचे.

धोरण छापून आलं ते थंडीत. प्रमुखांनी स्वतः प्रत आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी तक्ता बघा." मी तो तिथे वाचला नाही. पाकीट तसंच घेऊन रिक्षा केली आणि शेड गाठली. चपला काढल्या, आत जाऊन बसले. सगळ्या जवळ सरकल्या. जीजी निवडतच राहिली.

मी वाचलं. बरेचसे शब्द सरकारी झाले होते, ते व्हायचेच. पण होतं सगळं. जिथे हाताने फुले निवडणारे महिला समूह आधीपासून काम करीत आहेत, तिथे फुले उचलण्याचा पहिला अधिकार त्यांचा राहील. उलाढालीची अट त्यांना लागू नाही. आणि खाली, अगदी सरळ: यंत्र त्यांच्या मागे येईल, त्यांच्या जागी नाही.

"फिर से," जीजी म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिनं हातातला हार खाली ठेवला होता. तिचे हात थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"इसमें आपका कितना है और हमारा कितना?"

"ही शेवटची ओळ तुमची आहे," मी म्हटलं. "जशी बोललात तशी."

मास्तरणीची खोड जात नाही, म्हणून मी लगेच सावध करायला गेले. बघा हं, धोरण म्हणजे कायदा नाही. पुढे नियम निघतील, ठेके निघतील, तेव्हा परत भांडायला लागेल, हा कागद दाखवायला लागेल. मी असं बरंच बोलत होते. जीजी ऐकत नव्हती. तिनं कमरेचा मोबाइल काढला, लांब धरून नंबर शोधला आणि कानाला लावला.

"बाईसाब, जै महाकाल. कल से दूसरी देख लेना बर्तन को."

पलीकडचा आवाज मला ओळखीचा होता. समोरच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या विचारत होत्या, काय झालं, पैसे कमी पडतात का, तब्येत बरी नाही का.

"नहीं बाईसाब, तबियत एकदम ठीक है," जीजी म्हणाली. "नौकरी लग गई म्हारी."